मापन एककांची संक्षिप्त रूपे (मराठी)

मापन एककांची संक्षिप्त रूपे म्हणजे वजन, लांबी, क्षेत्रफळ, आकारमान, काळ, तापमान इत्यादी राशी लिहिताना किंवा बोलताना एककाच्या पूर्ण नावाऐवजी वापरली जाणारी आखूड रूपे होत. मराठीत अशा रूपांचे दोन प्रवाह शेजारी शेजारी चालतात. पहिला प्रवाह अधिकृत चिन्हांचा व शासकीय लेखनाचा आहे (उदा. किग्रॅ, चौ. मी., दलघमी). दुसरा प्रवाह बाजार, शेत, बांधकाम, दवाखाना आणि वृत्तपत्रे यांतून रूढ झाला आहे (उदा. किलो, स्क्वेअर फूट, टीएमसी, ब्रास, युनिट, सीसी). रूढ रूपात ऐकणाऱ्याला ठाऊक असलेला भाग गाळलेला असतो. त्यामुळे एका व्यवसायाच्या आत ते सोयीचे ठरते. तोच आकडा त्या वर्तुळाबाहेर गेला, की गाळलेला भाग कोणता हे वाचणाऱ्याला कळेलच असे नाही. जमिनीचे अभिलेख, पाणीवाटप आणि औषधाची मात्रा यांमध्ये हा फरक प्रत्यक्ष परिणाम घडवू शकतो.

संक्षेप आणि चिन्ह

मापनशास्त्रात 'संक्षेप' आणि 'चिन्ह' यांत भेद केला जातो. संक्षेप हे एखाद्या भाषेतील शब्दाचे आखूड रूप असते. त्याला त्या भाषेचे व्याकरण व लेखननियम लागू होतात. चिन्ह हे गणितातील अधिक-उणे चिन्हांप्रमाणे भाषानिरपेक्ष मानले जाते. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत (एसआय) किलोग्रॅमसाठी रोमन लिपीतील लहान 'के' आणि लहान 'जी' ही अक्षरे ठरवलेली आहेत. ती इंग्रजीतील संक्षेप नसून चिन्ह आहेत. म्हणून त्यांचे अनेकवचन होत नाही, त्यांच्यापुढे पूर्णविराम दिला जात नाही (वाक्याच्या शेवटी आल्यास अपवाद), आणि संख्या व चिन्ह यांच्यामध्ये मोकळी जागा सोडली जाते.

या चिन्हांत लहान-मोठ्या अक्षरांना निश्चित अर्थ आहे. लहान 'एम' हे उपसर्ग म्हणून आले तर 'मिली' (हजारावा भाग) आणि मोठे 'एम' आले तर 'मेगा' (दहा लाख पट) असा अर्थ होतो. मोठे 'के' हे केल्विन या तापमानाच्या एककाचे चिन्ह आहे. त्यामुळे दुकानांच्या पाट्यांवर मोठ्या 'के'ने लिहिले जाणारे किलोग्रॅमचे रूप नियमाला धरून नसते. त्याचप्रमाणे ग्रॅमसाठी सर्रास लिहिले जाणारे 'जीएम' किंवा 'जीएमएस' हेही अधिकृत चिन्ह नाही. ग्रॅमचे चिन्ह केवळ लहान 'जी' एवढेच आहे. व्यापारात मेट्रिक टनासाठी वापरले जाणारे 'एमटी' हे नियमानुसार वाचल्यास मेगाटेस्ला ठरते. टनाचे चिन्ह केवळ लहान 'टी' आहे.

आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयाच्या एसआय पुस्तिकेत सेकंदासाठी 'सेक', घन सेंटिमीटरसाठी 'सीसी' आणि मीटर प्रतिसेकंदासाठी 'एमपीएस' ही रूपे वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. लिटरच्या बाबतीत मात्र एक सवलत आहे. लहान 'एल' हे अक्षर रोमन लिपीत एक या अंकासारखे दिसत असल्याने १९७९ साली सोळाव्या सर्वसाधारण वजनमापे परिषदेने लहान व मोठे अशी दोन्ही 'एल' अक्षरे लिटरचे चिन्ह म्हणून मान्य केली.

चिन्हे भाषानिरपेक्ष असली, तरी रोमनेतर लिपींतून स्वतंत्र रूपे वापरणारे देश आहेत. रशियात सिरिलिक लिपीतील एककचिन्हे प्रमाणित केलेली आहेत. मराठीतील 'किमी', 'किग्रॅ' यांसारखी देवनागरी रूपे आंतरराष्ट्रीय अर्थाने चिन्हे नसून संक्षेप आहेत.

पार्श्वभूमी

मराठी लेखनात आखूड रूपांची परंपरा दशमान पद्धतीपूर्वीची आहे. मोडी दप्तरांत शब्दाचे पहिले अक्षर लिहून पुढे उभे दंड देण्याची पद्धत होती, आणि पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांकही उभ्या दंडांनी दाखवले जात. शालेय अंकगणितातील 'द. सा. द. शे.' (दरसाल दरशेकडा) हे रूप याच वळणाचे असून ते आजही प्रचारात आहे.

दशमानपूर्व काळात धान्य व किराणा यांसाठी खंडी, मण, शेर, छटाक. सोन्याचांदीसाठी तोळा, मासा, गुंज. आणि जमिनीसाठी एकर, गुंठा, आणा ही मापे वापरात होती. एकाच नावाचे माप सर्वत्र सारखे नव्हते. ब्रिटिश भारतातील प्रमाणित मण सुमारे ३७.३२ किलोग्रॅमचा होता, तर मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोग्रॅमचा होता.

स्वातंत्र्यानंतर वजनमापे मानके अधिनियम, १९५६ द्वारे देशभर दशमान पद्धत स्वीकारली गेली. १९५७ साली भारत मीटर करारात सहभागी झाला. हा करार २० मे १८७५ रोजी पॅरिस येथे झाला होता. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चलनात आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आली. पुढे १९७६ चा अधिनियम आणि त्याच्या जागी वैध मापन अधिनियम, २००९ आला. तो १ एप्रिल २०११ पासून अंमलात आहे.

कायद्याने मापे बदलली, तरी अनेक जुनी नावे टिकून राहिली आणि काहींचा अर्थ बदलला. प्रमाणित तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज महाराष्ट्रातील सराफी व्यवहारात 'तोळा' म्हणजे बहुधा १० ग्रॅम धरले जातात. कापसाच्या व्यापारात भाव आजही खंडीवर बोलला जातो आणि ती खंडी सुमारे ३५६ किलोग्रॅमची असते.

मराठी लेखनातील रूढी

देवनागरीत एककांची रूपे प्रामुख्याने तीन प्रकारे लिहिली जातात: प्रत्येक घटकानंतर पूर्णविराम देऊन (कि. मी., मि. ग्रॅ.), केवळ शेवटी पूर्णविराम देऊन (किमी., मिग्रॅ.) आणि पूर्णविरामाशिवाय (किमी, मिग्रॅ). मराठी विश्वकोशात 'किमी.', 'सेंमी.', 'चौ. किमी.' अशी दुसऱ्या प्रकारची रूपे आढळतात. वृत्तपत्रांत व पाठ्यपुस्तकांत तिन्ही प्रकार दिसतात.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने रोमन चिन्हांतील एक मोठी अडचण येथे उद्भवत नाही. 'मिली' आणि 'मेगा' यांचे भेद 'मि' आणि 'मे' या मात्रांनी स्पष्ट होतात. मात्र एकाक्षरी रूपांमुळे वेगळ्या संदिग्धता निर्माण होतात:

* से. – सेकंद किंवा सेल्सियस. '३० से.' आणि '३०° से.' यांतील भेद केवळ अंशाच्या चिन्हावर अवलंबून राहतो.
* मि. – मिनिट किंवा 'मिली' हा उपसर्ग.
* मे. – 'मेगा' (मे. वॅ., मेगावॅट) किंवा 'मेट्रिक' (मे. ट., मेट्रिक टन).
* ता. – तास, तारीख किंवा तालुका.

वेग सांगताना मराठीत 'ताशी ६० किमी' अशी रचना रूढ आहे. तिच्यात भागाकाराचे चिन्ह लागत नाही व 'ता.' हा संक्षेपही टळतो. वाहनांच्या संदर्भात बोलला जाणारा 'केएमपीएच' हा संक्षेप एसआय पद्धतीत मान्य नाही.

माहिती तंत्रज्ञानात याच्या उलट अडचण येते. रोमन लेखनात लहान 'बी' बिटसाठी आणि मोठा 'बी' बाइटसाठी वापरतात. देवनागरीत दोन्ही 'एमबी' होतात. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे सेकंदाला १०० मेगाबिट गतीची जोडणी सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट एवढीच माहिती वाहून आणते.

क्षेत्रनिहाय वापर

*बाजार*

'किलो' हे मराठीतील सर्वाधिक वापरले जाणारे संक्षिप्त रूप आहे. मुळात तो 'हजार' या अर्थाचा उपसर्ग असून त्यातून 'ग्रॅम' हे एककच गळून पडले आहे. घाऊक शेतमालाचे भाव आणि केंद्र शासनाच्या किमान आधारभूत किमती क्विंटलमागे (१०० किलोग्रॅम) जाहीर होतात. क्विंटल हे एसआय एकक नाही. साखर कारखान्यांची गाळपक्षमता 'टीसीडी'मध्ये, म्हणजे दररोज गाळल्या जाणाऱ्या उसाच्या टनांमध्ये, सांगितली जाते.

*जमीन*

सातबारा उताऱ्यावर शेतजमिनीचे क्षेत्र 'हे. आर. चौ. मी.' (हेक्टर, आर, चौरस मीटर) या क्रमाने लिहिले जाते. १ हेक्टर म्हणजे १०० आर आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. बोलताना मात्र एकर आणि गुंठे हीच मापे प्रचलित आहेत. १ एकर म्हणजे ४० गुंठे आणि १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर.

आर आणि गुंठा यांची मूल्ये जवळजवळ सारखी असल्याने ती एकच समजण्याची चूक होते. १ हेक्टर म्हणजे १०० गुंठे नसून सुमारे ९८.८४ गुंठे होत. हेक्टरभर क्षेत्र शंभर गुंठे धरल्यास सुमारे १,२६० चौरस फुटांचा, म्हणजे एका गुंठ्याहून अधिक, फरक पडतो.

*पाणी*

धरणांतील साठा वृत्तपत्रांत व सार्वजनिक चर्चेत 'टीएमसी'मध्ये सांगितला जातो. त्याचा पूर्ण अर्थ 'हजार दशलक्ष घनफूट', म्हणजे एक अब्ज घनफूट, असा आहे. या संक्षेपात 'हजार', 'दशलक्ष' आणि 'घन' यांची आद्याक्षरे आहेत. 'फूट' या मूळ एककाचे अक्षर त्यात नाही. जलसंपदा विभागाच्या दशमान नोंदींत 'दलघमी' (दशलक्ष घनमीटर) हे रूप वापरले जाते आणि त्यात सर्व घटक उपस्थित आहेत. १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दलघमी. जायकवाडी धरणाचा एकूण साठा २,९०९ दलघमी आहे. हाच साठा टीएमसीत सुमारे १०२.७ होतो. वृत्तपत्रांत याखेरीज 'दलघफू' (दशलक्ष घनफूट) हेही रूप येते. 'दलघफू' आणि 'दलघमी' यांत एकाच अक्षराचा भेद असला, तरी मूल्यात पस्तीसपटींहून अधिक अंतर आहे.

विसर्गासाठी 'क्युसेक' (घनफूट प्रतिसेकंद) व 'क्युमेक' (घनमीटर प्रतिसेकंद) ही रूपे आहेत. १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग सलग चोवीस तास चालू राहिल्यास १ टीएमसी पाणी वाहून जाते.

टीएमसी हे अनौपचारिक रूप असले, तरी ते अधिकृत दस्तऐवजांतही शिरले आहे. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील कृष्णा पाणीतंटा लवादाने महाराष्ट्राला दिलेला ५६० टीएमसीचा वाटा याच एककात नोंदलेला आहे. आंतरराज्य वाद, निवाडे व जुने करार या एककात असल्यामुळे दशमान पद्धत लागू होऊनही ते टिकून आहे.

*बांधकाम*

वाळू, खडी व मुरूम यांसाठी 'ब्रास' हे माप वापरतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. फरशी किंवा गिलावा यांसारख्या पृष्ठभागाच्या कामांत 'ब्रास' म्हणजे १०० चौरस फूट असाही अर्थ होतो. कोणता अर्थ घ्यायचा हे कामावरून ठरते. लोखंडी सळईची जाडी अधिकृतपणे मिलिमीटरमध्ये असते, परंतु कारागीर ती 'सूत'मध्ये सांगतात. १ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.१८ मिलिमीटर, त्यानुसार १० मिलिमीटरच्या सळईला 'तीन सुती' आणि १२ मिलिमीटरच्या सळईला 'चार सुती' म्हणतात.

*वीज, हवामान व प्रकृती*

वीजबिलातील 'युनिट' म्हणजे किलोवॅट-तास. 'युनिट' या शब्दाचा अर्थ केवळ 'एकक' असा असल्याने या रूपातून राशीचा कोणताही बोध होत नाही. शेतीपंपांची क्षमता 'एचपी' (अश्वशक्ती) मध्ये सांगितली जाते. १ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट.

तापमानाच्या बाबतीत 'पारा ४२ अंशांवर' आणि 'अंगात १०२ ताप' ही दोन्ही वाक्ये मराठीत स्वाभाविक आहेत. पहिल्यात सेल्सियस आणि दुसऱ्यात फॅरनहाइट गृहीत असते. एककाचे नाव कोणीच उच्चारत नाही.

मिश्र मापांतील बिंदू

रूढ लेखनात बिंदू हे चिन्ह दोन वेगळ्या कामांसाठी वापरले जाते: दशांश दाखवण्यासाठी आणि मोठ्या व लहान एककांना वेगळे करण्यासाठी. त्यामुळे एककाचे नाव गाळल्यास पुढीलप्रमाणे दोन अर्थ संभवतात.

* उंची '५.६' – व्यवहारात ५ फूट ६ इंच. दशांश म्हणून वाचल्यास ५ फूट ७.२ इंच.
* क्षेत्र '१.२०' – एकर-गुंठ्यांत १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर. दशांश एकर म्हणून वाचल्यास १ एकर ८ गुंठे.
* क्षेत्र '०.४०.५०' – शून्य हेक्टर, ४० आर, ५० चौरस मीटर. येथे दोन्ही बिंदू विभाजक आहेत. हेच क्षेत्र दशांशात ०.४०५० हेक्टर असे लिहिले जाईल.

हेक्टर, आर व चौरस मीटर ही मापे शंभराच्या पटीत असल्याने तिसऱ्या उदाहरणात दोन अंकी घटक नेमके लिहिल्यास दशांश रूपांतर सोपे होते. एकर-गुंठ्यांत चाळीसचे आणि फूट-इंचांत बाराचे प्रमाण असल्याने तेथे तसे करता येत नाही. संगणकीय तक्त्यांत जुने आकडे भरताना हा भेद लक्षात घ्यावा लागतो.

कायदेशीर तरतुदी

वैध मापन अधिनियम, २००९ नुसार भारतात मीटर, किलोग्रॅम, सेकंद इत्यादी एसआय एकके हीच प्रमाणित आहेत, आणि मोजणीसाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप विहित आहे. अधिनियमाच्या कलम ११ अन्वये व्यापारात भाव, जाहिरात किंवा परिमाण प्रमाणित एककांखेरीज अन्य एककांत जाहीर करण्यास मनाई आहे. एककांच्या व्याख्या व चिन्हे वैध मापन (राष्ट्रीय मानके) नियम, २०११ मध्ये दिलेली आहेत. राष्ट्रीय मानकांचे जतन नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा करते.

आवेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावरील निव्वळ परिमाण एसआय एककांत द्यावे लागते. एक किलोग्रॅमपेक्षा कमी वजन ग्रॅममध्ये आणि एक लिटरपेक्षा कमी आकारमान मिलिलिटरमध्ये दर्शवले जाते. वेष्टनावरील तपशील देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत देणे आवश्यक असून त्याच्या जोडीला मराठीसह अन्य भाषा वापरण्यास मुभा आहे. त्यामुळे वेष्टनावरील मराठी संक्षेप हा बहुधा पूरक मजकूर असतो.

संदिग्धता आणि सुरक्षितता

एककाविना आलेल्या संख्येचा धोका दाखवणारे बहुचर्चित उदाहरण कॅनडातील आहे. तेथे दशमान पद्धतीकडे संक्रमण चालू असताना २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधन उड्डाणादरम्यान संपले. इंधनाचे लिटरमधून वजनात रूपांतर करताना १.७७ हा आकडा वापरला गेला होता. तो पौंड प्रतिलिटरचा होता, तर विमानाला इंधन किलोग्रॅममध्ये हवे होते. परिणामी आवश्यकतेच्या निम्म्याहून कमी इंधन भरले गेले. वैमानिकांनी विमान मॅनिटोबा प्रांतातील गिमली येथे तरंगत उतरवले व जीवितहानी टळली.

वैद्यकीय क्षेत्रात हीच जोखीम दैनंदिन स्वरूपात असते. अमेरिकेतील आरोग्यसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या 'जॉइंट कमिशन' या संस्थेने २००४ साली औषधलेखनात वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी तयार केली. 'युनिट'साठी केवळ 'यू' हे अक्षर लिहू नये, कारण हस्ताक्षरात ते शून्यासारखे दिसून मात्रा दहापट वाचली जाऊ शकते, पूर्णांकानंतर निरर्थक दशांश शून्य लिहू नये (१.० हे १० वाचले जाते), आणि एकापेक्षा लहान संख्येत बिंदूपूर्वी शून्य अवश्य लिहावे (.५ हे ५ वाचले जाते), हे त्यातील काही मुद्दे आहेत. मायक्रोग्रॅमचे ग्रीक अक्षरयुक्त चिन्ह हस्ताक्षरात मिलिग्रॅमसारखे दिसू शकते आणि या दोहोंत हजारपटींचा फरक आहे. म्हणून तेथे पूर्ण शब्द लिहिणे अधिक सुरक्षित ठरते.

भारतात इन्शुलिनच्या संदर्भात हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. येथे प्रति मिलिलिटर ४० युनिट (यू-४०) आणि प्रति मिलिलिटर १०० युनिट (यू-१००) अशा दोन तीव्रतांचे इन्शुलिन मिळते आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. यू-४० सिरिंजचे टोपण सामान्यतः लाल आणि यू-१०० सिरिंजचे नारिंगी असते. यू-४० सिरिंजमध्ये यू-१०० इन्शुलिन २० च्या खुणेपर्यंत भरल्यास अर्धा मिलिलिटर द्रव येतो, परंतु त्यात २० ऐवजी ५० युनिट असतात, म्हणजे मात्रा अडीचपट होते. 'वीस युनिट' हे बोलणे दोन्ही घरांत सारखेच असते. कुपीवरील आणि सिरिंजवरील तीव्रता जुळते की नाही, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ पूर्ण होत नाही. पातळ औषधांची मात्रा 'चमच्या'ने सांगण्याबाबतही अशीच स्थिती आहे. औषधाचा छोटा चमचा ५ मिलिलिटरचा मानला जातो, पण घरगुती चमच्यांचे आकारमान कमी-जास्त असते. म्हणून औषधासोबत येणारे खुणा असलेले मापटे वापरण्याची सूचना केली जाते.

प्रमुख रूपांची तुलना

* किलो – किलोग्रॅम (किग्रॅ)
* तोळा – मूळ ११.६६ ग्रॅम; सध्याच्या सराफी व्यवहारात १० ग्रॅम
* क्विंटल – १०० किलोग्रॅम
* गुंठा – १,०८९ चौरस फूट, सुमारे १.०१२ आर
* ब्रास – १०० घनफूट (सुमारे २.८३ घनमीटर) किंवा १०० चौरस फूट (सुमारे ९.२९ चौरस मीटर)
* टीएमसी – एक अब्ज घनफूट, सुमारे २८.३२ दलघमी
* क्युसेक – घनफूट प्रतिसेकंद, सुमारे २८.३२ लिटर प्रतिसेकंद
* सीसी – घन सेंटिमीटर, १ मिलिलिटर
* युनिट (वीज) – किलोवॅट-तास
* युनिट (इन्शुलिन) – जैविक परिणामावर आधारित आंतरराष्ट्रीय एकक. द्रवाचे आकारमान तीव्रतेनुसार बदलते